डम्प बंद केला की ब्लू स्क्रीन जाते म्हणे!

सध्या एक रील फिरायलीय आन तिच्यासोबत लांबलचक मेसेज. "विंडोजची लपवलेली सेटिंग, कंपनी तुम्हाला कधीच सांगणार नाही" असं मथळ्यात. आत सांगितलंय की सिस्टीम प्रॉपर्टीजमधी जाऊन क्रॅश डम्प (कॉम्प्युटर कोसळला की त्या क्षणाची मेमरी जपून ठेवणारी फाईल) 'नन', म्हणजे बंद, करा, म्हणजे एक, ब्लू स्क्रीन (कोसळल्यावर येणारी निळी स्क्रीन) कायमची जाते, दोन, कॉम्प्युटर डबल फास्ट होतो, तीन, सी ड्राइव्ह भरत नाही, चार, तुमचे पासवर्ड मायक्रोसॉफ्टला जायचे थांबतात, आणि पाच, सोबत पेजफाईल (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा) पण उडवा, आठ जीबी रॅम असल्यावर तिची गरजच नाही.

मी असल्या गोष्टीकडं बघत नसतो. पण गंगाखेडला आमच्या दाजींचं ऑनलाईन सेंटर आहे, आणि दाजींनी ते वाचून दोन्ही कॉम्प्युटरवर करून टाकलं, वर आमच्या घरच्या ग्रुपवर "सर्वांनी करून घ्या" म्हणून टाकलं. ऐन पीक विम्याच्या गर्दीत. म्हणून हे लिहायलोय.

आधी सगळ्यात येडपट मुद्दा, ब्लू स्क्रीन जाते हा. अहो दाजी, डम्पमुळं ब्लू स्क्रीन येत नसती, ब्लू स्क्रीन येते म्हणून डम्प होतो. कर्नलमधी, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, किंवा कुठल्या तरी ड्रायव्हरमधी (एखादं यंत्र चालवणारा प्रोग्राम) असं काही घडतं की पुढं चालू ठेवलं तर डेटाच खराब होईल, तेव्हा विंडोज स्वतःहून सगळं थांबवतं. ते थांबवायचं आधीच ठरलेलं असतं, डम्प ही त्यानंतरची गोष्ट. पंचनामा बंद केला म्हणून गारपीट थांबती का?

मग कमेंटमधी एवढे लोक "थँक्यू सर, प्रॉब्लेम गेला" कामून म्हणायलेत? त्याचं कारण साधं आहे. ब्लू स्क्रीनवर ० टक्के, २० टक्के, १०० टक्के असं जे पळतं ना, तो डम्प लिहिला जात असतो. 'नन' केलं की लिहायचं काहीच राहत नाही, आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची टिक बहुतेक ठिकाणी चालूच असते, त्यामुळं स्क्रीन निळी झाली न झाली की मशीन रीस्टार्ट. माणूस चहा आणायला गेलेला असला तर त्याला निळं काही दिसतच नाही, आल्यावर फक्त अर्धा भरलेला फॉर्म गायब. क्रॅश तेवढेच व्हायलेत, दिसायचे बंद झालेत.

दाजींच्या एका मशीनचं हेच झालं होतं. रिपेअरवाल्याकडं नेलं तर त्यानं मिनिडम्पचं, म्हणजे छोट्या डम्पचं, फोल्डर उघडून बघितलं, रिकामं. मग त्याचा नेहमीचा इलाज, "विंडोज मारावं लागंल", म्हणजे पुसून नवं टाकावं लागंल. मी एनीडेस्कवरनं, म्हणजे लांबनंच, आत गेलो, 'नन'चं 'स्मॉल मेमरी डम्प' (सगळ्यात छोटा प्रकार) केलं, आणि सांगितलं की आता जेव्हा पडंल तेव्हा विंडोज फोल्डरमधली मिनिडम्पची फाईल मला पाठवा. पडलंच ते, लोक रांगेत असताना. फाईल विनडीबीजी ह्या डम्प वाचायच्या टूलमधी टाकली, अॅनलाइझची कमांड दिली, खाली मॉड्यूलच्या, म्हणजे दोषी फाईलीच्या, नावापुढं थम मशीनचा (अंगठा घ्यायचं यंत्र) ड्रायव्हर. जुना, कुठल्या तरी सीडीवरनं टाकलेला. काढला, नवा टाकला, त्यानंतर ते मशीन पडलेलं नाही. विंडोज मारलं असतं तरी दाजींनी तीच सीडी परत घातली असती आणि परत तेच झालं असतं.

इथं एक सांगून ठेवतो. दर वेळी नाव इतकं सरळ येत नाही. पुष्कळदा हे टूल विंडोजच्या स्वतःच्या कर्नलच्या फाईलकडं बोट दाखवतं, आणि ती बिचारी बहुतेक वेळा निर्दोष असती, दुसऱ्यानं मेमरी खराब केली आणि पाय हिचा अडकला एवढंच. म्हणून एका फाईलवर जाऊ नका, तीन-चार जमू द्या. दर वेळी क्रॅशचा वेगळाच कोड, वेगळंच नाव येत असंल तर रॅमवर संशय घ्या, काढून खोडरबरनं पट्टी पुसा, विंडोजची मेमरी टेस्ट लावा. पण ह्यासाठी फायली असाव्या लागतात राव.

ज्यांना हे एखाद्या सेंटरपुरतं वाटतंय त्यांनी १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या एका अपडेटनं जगभर मशीनी निळ्या पडल्या, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख, आणि आपल्याकडं हैदराबादच्या विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आठवड्याभरानं, २७ जुलैला, मायक्रोसॉफ्टनं त्यावर सविस्तर लिहिलं. त्यात त्यांनी काय केलंय तर लोकांच्या मशीनवरनं आलेले क्रॅश डम्प विनडीबीजीमधी उघडून एकेक पायरी दाखवलीय, की क्राउडस्ट्राइकच्या ड्रायव्हरनं स्वतःच्या हद्दीबाहेरची मेमरी वाचायचा प्रयत्न केला आणि तिथंच सगळं कोसळलं. म्हणजे ज्यांनी ही सिस्टीम बनवली त्यांनाही बाहेरच्या कंपनीच्या ड्रायव्हरचा घोटाळा दाखवायला डम्पच लागला. आणि रीलवाला म्हणतो, ही फाईल फालतू आहे.

फास्ट होतो म्हणे. डम्प क्रॅश झाल्यावरच लिहिला जातो, एरवी ती सेटिंग काहीच करत नसती. डिस्कच्या ड्रायव्हरची एक वेगळी कॉपी तयार ठेवलेली असती, क्रॅशच्या वेळी मूळ ड्रायव्हरवर भरवसा ठेवता येत नाही म्हणून, तिच्यानं काही स्पीड कमी होत नाही. पुढं.

सी ड्राइव्ह भरतो ह्यात थोडं तथ्य आहे, कबूल. त्याच सेटिंगमधी 'स्मॉल', 'कर्नल', 'कम्प्लीट', 'ऑटोमॅटिक' असे प्रकार असतात, त्यात 'कम्प्लीट' ठेवलं तर जेवढी रॅम तेवढी फाईल, १६ जीबीला १६ जीबी. पण मोठी फाईल एकच असती, नवी आली की जुनीवर लिहिली जाती, तसंच सेट असतं, आणि साध्या घरगुती मशीनवर जागा २५ जीबीच्या खाली गेली तर विंडोज स्वतःच ती उडवतं. 'ऑटोमॅटिक'मधी पेजफाईल कमी पडली तर विंडोज चार आठवड्यांसाठी ती रॅमएवढी वाढवतं, त्यामुळं क्रॅशनंतर अचानक जागा गेल्यासारखी वाटती, ती ह्याच्यामुळं. 'स्मॉल'ला हे काहीच नाही, डायलॉगमधी २५६ केबी लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात थोडी मोठी निघती, तरी एका आधार कार्डाच्या स्कॅनएवढी धरा.

पासवर्डचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेता येत नाही, जरी रीलवाल्यानं तो भीती घालायलाच टाकलेला असला तरी. 'कम्प्लीट' डम्पमधी त्या क्षणाला रॅममधी जे जे होतं ते सगळं येतं, उघडलेली पासबुकं, आधार नंबर, टाईप केलेला पासवर्ड, काहीही. 'कर्नल' आणि 'ऑटोमॅटिक'मधी तुमच्या प्रोग्रामांची मेमरी नसती, तरी कर्नलच्या मेमरीत काहीच खाजगी नसतं असं मी म्हणणार नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतःही ह्यात पोळलंय. सप्टेंबर २०२३ मधी त्यांनी सांगितलं की चिनी हॅकरांच्या हाती लागलेली त्यांची एक डिजिटल किल्ली बहुधा २०२१ च्या एका क्रॅश डम्पमधनं गेली, मग मार्च २०२४ मधी दुरुस्ती केली की ती किल्ली असलेला तसा डम्प आम्हाला सापडलेला नाही. आणि 'ऑप्शनल डायग्नोस्टिक डेटा' चालू असला तर क्रॅशच्या वेळची मेमरी त्यांच्याकडं जाऊ शकते, तुम्ही उघडलेल्या फाईलचा तुकडा चुकून त्यात असू शकतो, हे ते स्वतःच लिहितात. मग ते बंद करा की! सेटिंग्जमधी प्रायव्हसीत 'डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक'मधी जाऊन ऑप्शनल बंद. सेंटरवाल्यांनी 'कम्प्लीट' ठेवू नका, जुनं मशीन विकताना किंवा रिपेअरला देताना विंडोज फोल्डरमधली मेमरी डॉट डीएमपी डिलीट करा. ह्याच्यात 'नन' करायचा संबंध येतोच कुठं.

पेजफाईलचं सगळ्यात वाईट, कारण ते करून लोक आपल्या हातानं नवा त्रास लावून घ्यायलेत. प्रोग्रामांना मिळून जेवढी मेमरी कबूल करता येती तिची मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाईल. पेजफाईल उडवली, वर क्रोमचे वीस टॅब, पीडीएफ, स्कॅनर, मग प्रोग्राम आपोआप बंद पडायला लागतात आणि दोष पोर्टलला. शिवाय डम्प आधी पेजफाईलमधीच लिहिला जातो आणि पुढच्या बूटला तिथनं फाईल बनती, त्यामुळं ती नसली तर सेटिंग चालू असूनही हाती काही लागत नाही.

आपल्याकडं अजून एक गोंधळ आहे, लाईटचा. लाईट जाऊन मशीन बंद पडलं की डम्प होतच नाही, लिहायला करंटच नसतो. इव्हेंट व्ह्यूअरमधी (विंडोजची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ ही नोंद लाईट गेली काय नि क्रॅश झाला काय, दोन्ही वेळी येती, तिच्या डिटेल्समधी बगचेक कोड, म्हणजे क्रॅशचा कोड, शून्य असंल तर बहुधा लाईट, नाहीतर पॉवर सप्लाय. तिथं ड्रायव्हर शोधत बसू नका, यूपीएसची बॅटरी बघा.

आणि "लपवलेली" कशाची? रनमधी सिस्डीएम डॉट सीपीएल टाका, अॅडव्हान्स्ड, 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'. एक्सपीच्या काळापासनं तिथंच आहे. माझी तक्रार उलटी आहे. तिथं नन, स्मॉल, कर्नल, कम्प्लीट, ऑटोमॅटिक अशी नुसती नावं टाकून ठेवलीत, कशात काय जातं, 'स्मॉल' सोडून बाकीच्यांना किती जागा लागती, पेजफाईल नसली तर काय होतं, ह्याची एक ओळ नाही, म्हणून असल्या रीलवाल्यांचं फावतं.

ज्यांनी बदललंय त्यांनी तिथंच जाऊन 'ऑटोमॅटिक' करा, जागा कमी असंल तर 'स्मॉल', पेजफाईल 'सिस्टीम मॅनेज्ड'वर टाका आणि रीस्टार्ट मारा. दाजी, दुसऱ्या मशीनवर अजून 'नन'च आहे, ते तेवढं आजच करा.