‘मी गप्प राहिलो’ हे ब्रेख्त यांचे शब्द नाहीत

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक कविता फिरते आहे: आधी ते कम्युनिस्टांना न्यायला आले, मी गप्प राहिलो, कारण मी कम्युनिस्ट नव्हतो... खाली नाव जर्मन नाटककार-कवी बर्टोल्ट ब्रेख्त यांचं. सुदामानगरातल्या एका वाचनाच्या बैठकीतही ती त्यांच्याच नावाने वाचली गेली, म्हणून हा खुलासा.

हे शब्द मार्टिन नीमोलर या जर्मन पाद्र्यांचे. युद्धानंतरच्या भाषणांत त्यांनी ते वेगवेगळ्या तऱ्हेने मांडले, त्यामुळे एकच ठरलेला पाठ नाही.

नाव चुकलं तर काय बिघडलं? माझ्या मते सगळंच बिघडतं. ब्रेख्त नाझींचे उघड विरोधक. राइशटागला, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीला, आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारी १९३३ ला, त्यांनी देश सोडला. ही कबुली त्यांच्या तोंडी शोभतच नाही. नीमोलर यांनी मात्र सुरुवातीला हिटलरचं स्वागत केलं होतं. १९३७ मध्ये त्यांना अटक झाली आणि १९४५ पर्यंत ते कैदेत होते, शेवटी डाखाउच्या छळछावणीत. सुटकेनंतर पत्नीसोबत ते तिथे पुन्हा गेले, तेव्हा तिथे माणसं जाळल्याचं सांगणाऱ्या पाटीवर साल होतं १९३३ ते १९४५. १९३७ पासूनचा जाब त्यांना देता येत होता, ते स्वतःच कोठडीत होते. पण १९३३ पासूनची मोकळी वर्षं? तेव्हा तुम्ही कुठे होतात, हा प्रश्न पुढे ते भर सभेत स्वतःलाच विचारत राहिले.

तेव्हा मंडळी, पुढे पाठवताना खाली नीमोलर यांचं नाव घाला.