कपड्यांचे ४० स्पॅनिश शब्द "सगळीकडे चालतात"? नाही चालत

गेले काही दिवस स्पॅनिश शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मला एकटीलाच पाच जणांनी पाठवला. कपड्यांच्या ४० शब्दांची चित्रांसकट यादी आणि खाली चार ओळी. हे शब्द पाठ करा, स्पॅनिशवाल्या २१ही देशांत जसेच्या तसे चालतील. वेगळे शब्द ऐकू आले तर ती तिकडची बोली समजा, शुद्ध स्पॅनिश स्पेनचंच. शब्द चुकला तरी समोरच्याला अंदाज येतो, फार तर हसतील. आणि म्हणून प्रादेशिक फरक पुढच्या लेव्हलला बघा, सुरुवातीलाच डोक्याला ताप नको. मी पुण्यात बरीच वर्षं स्पॅनिश शिकवतेय आणि या चारही ओळींमुळे मुलं कशी अडकतात ते मी जवळून बघितलंय, म्हणून एकेक ओळ घेऊन लिहिते.

आधी यादीत जे बरोबर आहे ते सांगते. कामिसा म्हणजे शर्ट, पान्तालोन म्हणजे पँट, सापातो म्हणजे बूट, कोर्बाता म्हणजे टाय, हे खरंच कुठेही गेलात तरी चालतात. उच्चार तेवढा बदलतो, म्हणजे माद्रिदमध्ये सापातोचा थापातो होतो, पण शब्द तोच. अडचण सुरू होते टीशर्टपासून. यादीत टीशर्टसमोर एकच शब्द आहे, कामिसेता. स्पेन आणि कोलंबियात हा रोजचा शब्द आहे, मान्य. मेक्सिकोत मात्र प्लायेरा म्हणतात, प्लाया म्हणजे बीच त्यावरून. आर्जेन्टिना, उरुग्वे, पॅराग्वेत रेमेरा. चिले आणि बोलिव्हियात पोलेरा. पेरूत पोलो. व्हेनेझुएलात फ्रानेला. क्युबात तर पुलोवेर, म्हणजे आपण थंडीतल्या लोकरी कपड्याला जो पुलओव्हर म्हणतो त्याच शब्दाने तिथे सुती टीशर्ट ओळखला जातो. बरं, कामिसेता हा शब्द आर्जेन्टिनात नाहीच असंही नाही, तो आहे, पण तिथे तो फुटबॉलच्या जर्सीला किंवा आतल्या बनियनला. मेस्सीची १० नंबरची ती कामिसेता, आणि घरात घालायचा साधा टीशर्ट ती रेमेरा.

जॅकेटचंही तसंच, स्पेनमध्ये आखूड जॅकेट म्हणजे काथादोरा, मेक्सिकोत चामार्रा, आर्जेन्टिनात काम्पेरा, पेरूत कासाका. स्पोर्ट्स शूज मेक्सिको-कोलंबियात तेनिस, आर्जेन्टिना-चिले-पेरूत सापातियास, उरुग्वेत चाम्पिओनेस. जीन्सला स्पेनमध्ये वाकेरोस म्हणजे काउबॉयवाले किंवा तेखानोस म्हणजे टेक्सासवाले म्हणतात, मेक्सिकोत पान्तालोन दे मेस्क्लीया, आणि जीन्स हा शब्दही बऱ्याच ठिकाणी चालतो.

हे असं का होतं याचं एक कारण मी वर्गात नेहमी सांगते. शर्ट, बूट यांसारखे शब्द वसाहतीच्या काळात स्पेनमधून बोटींनी तिकडे गेले. मग १८१० ते १८२५ च्या आसपास बहुतेक देश स्वतंत्र झाले. टीशर्ट, हूडी, जीन्स, स्पोर्ट्स शूज हे सगळं आलं त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षांनी, तोवर प्रत्येकाचा बाजार वेगळा, पेपर वेगळे, दुकानं वेगळी, मग प्रत्येकाने आपापलं नाव ठेवलं. हा काही पक्का नियम नाही, कारण स्कर्ट हा जुनाच कपडा तरी त्याला स्पेन-मेक्सिकोत फाल्दा म्हणतात आणि आर्जेन्टिनात पोयेरा, मोज्यांना काही ठिकाणी काल्सेतीनेस तर काही ठिकाणी मेदियास. पण अंदाज बांधायला हे सूत्र उपयोगी पडतं, कपडा जितका नवा तितकी नावं जास्त.

आता दुसरी ओळ, शुद्ध स्पॅनिश म्हणजे स्पेनचं. ही ओळ मला सगळ्यात जास्त टोचते. स्पेनची लोकसंख्या पाच कोटींच्या आत, एकट्या मेक्सिकोची त्याच्या अडीच पटीहून जास्त. बरं आकडे सोडा, ज्या संस्थेचं नाव पुढे करून हे लोक शुद्धतेच्या गोष्टी करतात ती माद्रिदची रेआल अकादेमिया, १७१३ ला स्थापन झालेली, तीसुद्धा असं म्हणत नाही. तिच्या शब्दकोशात रेमेरा आहे, प्लायेरा आहे, पोलेरा आहे, पुढे फक्त देशाची खूण असते की हा शब्द इथे इथे वापरतात. चूक असं कुठेही लिहिलेलं नसतं. आणि आता हे काम ती एकटी करतही नाही, १९५१ पासून वेगवेगळ्या देशांच्या अकादम्यांची मिळून संघटना आहे, आज त्यात २३ अकादम्या आहेत, त्यांनी २०१० मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या शब्दांचा स्वतंत्र जाडजूड कोश काढला. म्हणजे रेमेरा म्हणणारी ब्वेनोस आयरेसची प्रोफेसर अशुद्ध बोलत नाही, ती तिच्या शहराची प्रमाण भाषा बोलतेय.

आपण मराठी लोकांनी तरी ही चूक करू नये असं मला मनापासून वाटतं. लुगडं, पातळ, साडी यातला शुद्ध कुठला? बनियन म्हणणारा बरोबर की गंजी म्हणणारा? माझी आजी ब्लाउजला झंपर म्हणायची, आई पोलकं म्हणते, मी ब्लाउज, तिघींचं मराठी चांगलंच आहे.

आणि झंपरवरून आठवलं, ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते कारण मला स्वतःला ती फार आवडते. झंपर आला इंग्रजीतल्या जंपरवरून. तोच जंपर स्पॅनिशमध्ये पण गेला. पेरू आणि बोलिव्हियात त्याचा चोम्पा झाला, अर्थ लोकरी स्वेटर. इक्वाडोरमध्ये चोम्पाच म्हणतात पण अर्थ जॅकेट. ग्वाटेमाला, एल साल्वादोरकडे चुम्पा, तेही जॅकेट. आणि आपल्याकडे साडीवरचं पोलकं! एकच शब्द, तीन वेगळे कपडे, आणि यातला एकही अर्थ चुकीचा नाही. जिने आजीचा झंपर बघितलाय तिला चोम्पा समजावून सांगायला मला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. पायजम्याचंही असंच, मूळ फारसी शब्द, आपल्याकडून इंग्रजांनी नेला, तिथून युरोपात पसरला, स्पेनमध्ये तो लिहितात तसा वाचला की पिखामा होतो आणि पुल्लिंगी आहे, लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पियामा म्हणतात आणि मेक्सिको-कोलंबियात तो स्त्रीलिंगी, ला पियामा.

तिसरी ओळ, शब्द चुकला तरी अंदाज येतो. कधीकधी येतो. माद्रिदच्या दुकानात रेमेरा मागितलीत तर दुकानदाराला कळेल की हा माणूस आर्जेन्टिनावाल्याकडून शिकलाय. तो शब्द त्याच्याकडे दुसऱ्या कपड्याचा नाही, म्हणून तिथे घोळ होत नाही. घोळ होतो तो एकच शब्द दोन देशांत दोन वेगळ्या कपड्यांना असतो तेव्हा, कारण तेव्हा समोरच्याला अंदाज बांधायची गरजच वाटत नाही, त्याला वाटतं आपल्याला कळलं.

माझी एक विद्यार्थिनी कपड्यांच्या ऑनलाइन ऑर्डरच्या सपोर्टमध्ये कामाला लागली, नाइट शिफ्ट, लॅटिन अमेरिकेचे ग्राहक. पहिल्याच महिन्यात पेरूच्या लिमाहून एका बाईंचा मेसेज आला, "ला पोलेरा मे केदो चिका", म्हणजे पोलेरा मला लहान झाली, बदलून मोठी द्या. चाळीसच्या यादीत पोलेरा नव्हताच. तिने घाईत शोधलं, पहिलं उत्तर चिलेचं आलं, पोलेरा म्हणजे टीशर्ट. ऑर्डरमध्ये टीशर्टही होताच, तिने एक्सचेंज टाकून दिलं. पण पेरूत पोलेरा म्हणजे स्वेटशर्ट, बहुतेक वेळा टोपीवाला, हूडी. बाईंना मोठा टीशर्ट गेला, लहान हूडी तशीच घरी राहिली, आणि तक्रार हिच्या नावावर लागली. बाई चुकल्या नाहीत, तिने शोधलेला अर्थही खोटा नव्हता, फक्त तो दुसऱ्या देशाचा होता. हाच मेसेज ब्वेनोस आयरेसहून आला असता तर पोलेरा म्हणजे गळाबंद, उंच कॉलरचा कपडा. तीन देश, तीन कपडे. त्यात पोलेरा आणि पोयेरा लिहिताना फक्त एका एल अक्षराचा फरक, दोन एल असले की पोयेरा म्हणजे स्कर्ट, आणि ब्वेनोस आयरेसला ते त्याचा उच्चार पोशेरा करतात, त्यामुळे ऐकताना फरक कळतो पण चॅटवर टाइप करताना कुणी एक एल खाल्ला तर गेलंच.

असे शब्द अजून बरेच आहेत. सापातियास पेरूत स्पोर्ट्स शूज, मेक्सिकोत मात्र बायकांच्या टाचेच्या चपला-बूट. सुदादेरा स्पेन-मेक्सिकोत स्वेटशर्ट, कोलंबियात ट्रॅकसूट. चालेको बहुतेक ठिकाणी बिनबाह्यांचं जाकीट, चिलेत बाह्या असलेला लोकरी स्वेटरसुद्धा चालेको. बुसो आर्जेन्टिनात स्वेटशर्ट आणि चिलेत ट्रॅकसूट. त्रुसा मेक्सिकोत पुरुषांची अंडरवेअर, क्युबात पोहायचा पोशाख. आणि जॅकेटला चाकेता, हा शब्द यादीत ठळक अक्षरात आहे, स्पेन, कोलंबिया, चिलेत तो अगदी साधा शब्द आहे, पण मेक्सिकोत त्याला एक अश्लील अर्थ आहे म्हणून तिथे लोक चामार्रा म्हणतात. नवीन नोकरीत मेक्सिकन क्लायंटशी पहिल्यांदा बोलणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीला ही गोष्ट कुणी आधी सांगायला नको का? "फार तर हसतील" असं लिहिणाऱ्याला तो कॉल घ्यायचा नसतो.

राहिली चौथी ओळ, हे सगळं पुढच्या लेव्हलला. कपडे हा विषय ए वन मध्ये, म्हणजे अगदी पहिल्या लेव्हलला, येतो तोच मुळी लगेच वापरावा लागतो म्हणून. फरक नंतर शिका म्हटलं की मुलं दोन वर्षं कामिसेता घोटतात आणि मग मेक्सिकन माणूस प्लायेरा म्हणाला की गोंधळतात, आपलंच स्पॅनिश कच्चं आहे असं समजून गप्प बसतात, हे मी वर्गात डोळ्यांनी बघितलंय. सीएले नावाची स्पॅनिशची जी परीक्षा आहे ती स्पेनच्या इन्स्तितुतो सर्वान्तेस या स्पॅनिश शिकवणाऱ्या सरकारी संस्थेबरोबर मेक्सिकोचं उनाम, सालामान्का आणि ब्वेनोस आयरेस ही विद्यापीठं मिळून घेतात, त्यात वेगवेगळ्या देशांचं बोलणं कानावर पडतं. तिथे पुढची लेव्हल येईपर्यंत कुणी थांबत नाही.

पण याचा अर्थ पहिल्याच आठवड्यात २१ देशांचा तक्ता पाठ करा असंही मी म्हणणार नाही, तसा तक्ता देणारेही भेटतात आणि त्यांच्यामुळे मुलं पळून जातात. मी काय करते ते सांगते. पहिल्या दिवशी विचारते, तुला कुणाशी बोलायचंय? काम मेक्सिकोशी असेल तर तोंडात प्लायेरा, चामार्रा, तेनिस, काल्सेतीनेस. स्पेनला मास्टर्सला जायचं असेल तर कामिसेता, काथादोरा, वाकेरोस. बोलायला एकाच देशाचं कपाट, ते पक्कं. बाकीच्या देशांचे फक्त धोक्याचे शब्द, पोलेरा, चाकेता, सुदादेरा, सापातियास असे दहा-बारा, ते बोलायचे नाहीत, ऐकले की कान टवकारायचा. आणि घालणे हे क्रियापदही त्याच कपाटातलं घ्यायचं, स्पेनमध्ये येवार, लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी उसार, मेक्सिकोत त्राएर पण खूप ऐकू येतं. साइजला बहुतेक ठिकाणी ताया, आर्जेन्टिनात ताये.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कपड्याच्या भागांचे शब्द, ते या व्हायरल यादीत जवळजवळ नाहीतच. गंमत अशी की कपड्यांची नावं देशागणिक बदलतात पण भागांची बरीचशी तशीच राहतात. मांगा म्हणजे बाही, मांगा कोर्ता अर्धी बाही, मांगा लार्गा पूर्ण बाही. क्वेयो म्हणजे गळा किंवा कॉलर. कापुचा म्हणजे हूडीची टोपी. बोतोन म्हणजे बटण. आल्गोदोन सुती, लाना लोकर. चेन मात्र यातही वेगळी निघते, स्पेनमध्ये क्रेमायेरा, आर्जेन्टिना-मेक्सिकोत सिएर्रे. पण एवढे सात-आठ शब्द हाताशी असले की नाव कळलं नाही तरी कपडा ओळखता येतो.

ती विद्यार्थिनी आता ऑर्डर उघडली की आधी पत्त्यातला देश बघते, मग फोटो, आणि तरी शंका वाटली तर ग्राहकाला एक छोटा प्रश्न पाठवते, "कोन कापुचा ओ सिन कापुचा?", टोपीवाली की बिनटोपीची. लिमाहून, सान्तियागोहून, कुठूनही असो, उत्तर लगेच येतं.