गॅरेजातला हात आणि घरातला हात : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार दादा,

घरच्या वस्तू रंगवत एअरब्रश (पेनासारखं हातात धरून रंगाचा बारीक फवारा मारायचं हत्यार) आणि डब्यातला स्प्रे कसा शिकावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं आयुष्य गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेलंय, त्यामुळे तुम्ही जे लिहिलंय त्याला वजन आहे. दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना, म्हणून हे लांबलचक लिहिते आहे.

इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते. कुंड्या आणि खुर्च्या रंगवून हात बसत नाही, त्यासाठी उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं घासावं लागतं, हा पहिला. एअरब्रश हे खेळणं आहे, त्यावर ठिपके काढत बसण्यात पैसे घालण्यापेक्षा सरळ गाड्या रंगवायची स्प्रे गन घ्यावी, हा दुसरा. आणि घरात फवारणी करायला सांगून मी लोकांच्या फुप्फुसांशी खेळते आहे, हा तिसरा.

तिसरा आधी घेते, कारण तिथे आपलं भांडणच नाही.

गॅरेजात मारतात तो टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग, घरी मारू नये. गच्चीवर नाही, पार्किंगमध्ये नाही, ‘एकच तर दार आहे’ म्हणूनही नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फवाऱ्यातून श्वासात गेलं की दमा जडू शकतो, आणि एकदा तो जडला की पुढे अगदी थोडा अंश नाकात गेला तरी धाप लागते. वासावरून सावध व्हावं म्हटलं, तर वास जाणवेपर्यंत त्याचं प्रमाण धोक्याच्या पलीकडे गेलेलं असतं. त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो आणि हवा खेचून घेणारं बूथ लागतं. हे फ्लॅटमध्ये होत नाही, विषय संपला.

एनसी, म्हणजे थिनरमध्ये पातळ करायच्या नायट्रोसेल्युलोज रंगाचंही भान हवंच. त्याच्या थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीलगत सरपटत जाते. बाल्कनीत फवारलंत आणि आत देवघरात निरांजन तेवत असेल किंवा गॅस चालू असेल, तर भडका उडायला तेवढं पुरतं. स्प्रेच्या डब्यात तर रंग बाहेर ढकलणारा वायूच बहुतेक वेळा एलपीजी असतो. आणि तोंडाला बांधलेला रुमाल कशालाच आडवा येत नाही. एन-९५ मास्क रंगाचे कण अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो, आणि तो हवा खेळती असलेल्या जागेतच वापरायचा. म्हणून माझ्या लेखातल्या शिकण्याच्या क्रमात एअरब्रशचं सुरुवातीचं सगळं काम पाण्याच्या अ‍ॅक्रिलिकवर आहे, आणि तेव्हाही एन-९५ तोंडावर आहे. डबा वापरायचा तो गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ थोडी तिरकी करून, जवळपास कुणाची गाडी नाही हे बघून.

आता पहिला आक्षेप. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही.

गॅरेजात नवा पोरगा आला की त्याला काय मिळतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. लांबी (खड्डे बुजवायचा लगदा) भरणं, वॉटर पेपरने घासणं, काचांना कागद लावणं, संध्याकाळी गन धुणं. गन हातात येते ती फार उशिरा, आणि ते बरोबरच आहे. समोर गिऱ्हाइकाची गाडी आहे, तिच्यावर प्रयोग कसे करू देणार? पण त्यामुळे गॅरेजात चूक करून बघायची मुभा नसते. चूक उस्ताद होऊ देत नाही आणि झालीच तर तोच दोन मिनिटांत निस्तरतो. पोराला ती नीट बघायलाही मिळत नाही. घरच्या वस्तूवर चूक होऊ द्यायची, सुकू द्यायची, उजेडात तिरकी धरून बघायची आणि घासून काढायची. फवारणी शिकणं म्हणजे मला वाटतं दोष वाचायला शिकणं, आणि दोष वाचायला तो डोळ्यांसमोर टिकून राहावा लागतो.

शिवाय घरातली प्रत्येक वस्तू वेगळं काही शिकवते. पत्र्याच्या ट्रंकेचं झाकण सपाट असतं, आडवं ठेवता येतं, त्यामुळे ओघळ येण्याची भीती जवळजवळ नाही. तिथे फक्त पट्ट्यावर पट्टा कसा चढवायचा ते शिकायचं: कडेच्या बाहेर बटण दाबायचं, पलीकडे बाहेर जाऊन सोडायचं, आणि पुढचा पट्टा आधीच्यावर निम्मा यायला हवा. हात मनगटातून वळला की मध्ये रंग जाड आणि दोन्ही टोकांना कोरडा पडतो. ट्यूबलाइटच्या उजेडात झाकण तिरकं धरलं की हे स्वच्छ दिसतं.

घडीची लोखंडी खुर्ची याच्या बरोबर उलट. गोल पाइपवर निम्मा फवारा हवेत जातो, म्हणून माणूस जवळ जातो, जवळ गेला की रंग पाइपच्या खालच्या बाजूला आणि वेल्डिंगच्या सांध्यापाशी गोळा होतो, आणि पाच मिनिटांनी तिथून ओघळ सुटतो. यावर उपाय एकच, रंगाचे पातळ हात (थर) आणि दोन हातांच्या मधला धीर. डबा साधारण वीत-सव्वावीत लांब ठेवायचा, पहिल्या हाताला खालचा प्रायमर झाकला गेलाच पाहिजे असा हट्ट धरायचा नाही. फार लांब धरला तर रंग हवेतच सुकतो आणि खुर्चीवर खरखरीत भुकटी बसते. या दोन टोकांमधलं अंतर कुठलाही लेख सांगू शकत नाही, माझाही नाही. ते खुर्ची सांगते.

स्वयंपाकघरातल्या जुन्या कपाटाच्या दाराबद्दल जरा जास्त लिहिते, कारण असा धडा दुसरीकडे सहज मिळत नाही. दार घासलं, पुसलं, हाताला गुळगुळीत लागतंय. रंगाचा पहिला हात बसतो आणि बघता बघता त्यात गोल गोल खळगे पडायला लागतात, प्रत्येक खळग्याच्या मध्ये खालचा पृष्ठभाग उघडा आणि भोवती रंगाची उंच कड. वरून कितीही रंग मारा, रंग त्या जागेवरून सरकून बाजूला होतो. कारण वर्षानुवर्षांच्या फोडणीचा चिकटा. डोळ्यांना दिसत नाही, पण तेलाचा पातळ थर पत्र्यावर असतो, आणि कोरडा पॉलिश पेपर फिरवला की तो निघत नाही, उलट ओरखड्यांमध्ये भरला जातो. म्हणून आधी भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी, मग थिनरचं फडकं, एका फडक्याने पुसायचं आणि लगेच दुसऱ्या कोरड्याने टिपायचं, आणि त्यानंतरच घासायचं. तुमच्याकडे असेच खळगे सिलिकॉन असलेल्या पॉलिशमुळे येतात. कारण वेगळं, दोष तोच. ज्याने तो कपाटाच्या दारावर ओळखला, तो बॉनेटवरही ओळखेल.

पावसाचंही तेच. कोकणपट्टीत जुलैमध्ये एनसीचा चकचकीत काळा मारा, सुकता सुकता त्यावर दुधी झाक येते. थिनर झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, आणि दमट हवेतलं पाणी त्या गार थरावर धरतं. तुम्ही त्यावर रिटार्डर वापरता, म्हणजे थिनर हळू उडतं. घरी शिकणाऱ्याला मी सांगते की श्रावणसरींत काळा रंग उघडूच नका, प्रायमर घासा, मास्किंगचा सराव करा. पुण्याला किंवा नागपूरला एप्रिलमध्ये नेमकं उलटं होतं, एअरब्रशच्या सुईच्या टोकावर अ‍ॅक्रिलिक सुकून बसतं आणि फवारा थुंकायला लागतो.

आणखी एक गोष्ट, जिचा विचार तुम्ही कदाचित केला नसेल. गॅरेजातून गाडी जाते. ती तीन पावसाळ्यांनी कशी दिसते ते रंगवणाऱ्याला बहुतेक वेळा कळत नाही. घरची खुर्ची बाल्कनीतच असते. पुढच्या पावसाळ्यात तिच्या पायांच्या खालच्या टोकाला रंग फुगतो, पोपडा धरतो, आणि गंज रोखणारा रेड ऑक्साइड प्रायमर कुठे पोहोचलाच नव्हता ते खुर्चीच दाखवते.

गॅरेजाशिवाय येत नाहीत अशा गोष्टी आहेतच. जुन्या उन्हाने उतरलेल्या रंगाशी नवा जुळवणं, पॅनेलच्या मध्यावर रंग विरवत नेणं, दिवसाला ठरलेलं काम उरकणं. ते शिकायचं असेल त्याने तुमच्यासारख्यांकडेच जावं. माझा लेख त्यासाठी नव्हता.

राहिला एअरब्रश. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत तो तयार झाला आणि पुढे कितीतरी दशकं फोटो स्टुडिओंमध्ये रिटचिंगचं हत्यार म्हणून वापरला गेला. त्याला खेळणं म्हणू नका. ‘सरळ गन घ्या’ या सल्ल्यात एक व्यावहारिक अडचणही आहे. घरात चालतो तो छोटा कंप्रेसर मिनिटाला साधारण वीस-पंचवीस लिटर हवा देतो. एअरब्रशला तेवढी भरपूर झाली. गाडी रंगवायच्या गनला त्याच्या कितीतरी पट हवा लागते. छोट्या कंप्रेसरवर गन लावली तर ती चार सेकंद चालून धापा टाकते, रंगाचे नीट बारीक थेंब होत नाहीत आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. गनसाठी मोठी टाकी हवी, तिचा आवाज सोसायटीने सोसायला हवा आणि ती ठेवायला जागा हवी.

हाताचं शिक्षण तर एअरब्रश फार बारकाईने देतो. बटण खाली दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. आधी हवा, मग रंग, थांबताना आधी रंग बंद, मग हवा. हे बोटात भिनायला जुन्या वर्तमानपत्रावर ठिपके आणि रेघा काढत बसावं लागतं, आणि तुम्ही ज्या ठिपक्यांना हसलात ते याचसाठी आहेत. रंग दुधाइतका पातळ, नोझल ०.३ मिलिमीटरचं, हवेचा दाब पंधरा ते वीस पीएसआय (दाब मोजायचं एकक). रंग जास्त पातळ झाला किंवा फार जवळून दाबला की ठिपक्याला चहूबाजूंनी फाटे फुटतात. तो ठिपका गोल आणि कडेला मऊ यायला लागला, की मग शाडूच्या मूर्तीवर हात टाकावा.

पेण-हमरापूरकडच्या कारखान्यांमध्ये मूर्तीच्या अंगाचा रंग गनने फवारतात आणि डोळ्यांची आखणी कुंचल्याने करतात. घरी शाडूची मूर्ती करणाऱ्यांना मी त्याच वाटेने न्यायचा प्रयत्न करते. अंगाचा रंग सगळीकडे सारखा बसला की त्याच रंगात किंचित तांबूस मिसळायचा, भरपूर पातळ करायचा आणि कोपराच्या आत, सोंडेच्या वळीत, पोटावरच्या घडीखाली एकेक फुंकर टाकायची. पहिल्या फुंकरीला काहीच दिसत नाही. चौथ्या-पाचव्याला सोंड अंगापासून सुटून पुढे येते. कुंचल्याने असा कडा नसलेला रंग विरवणं फार अवघड असतं. (मखराला डब्यातला स्प्रे मारणाऱ्यांसाठी: थर्मोकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहेच, शिवाय डब्यातलं सॉल्व्हंट थर्मोकोल खाऊन टाकतं. पुठ्ठा घ्या, आणि पाण्याचा रंग एकदम भिजेल इतका मारू नका, पुठ्ठा वळतो.)

दादा, तुमच्याकडून मला एक गोष्ट खरंच शिकायची आहे. मेटॅलिक रंगाचा हात ओला बसला की चमकीचे कण गोळा होतात आणि ढगाळ पट्टे दिसतात. डब्याच्या स्प्रेने सायकलची फ्रेम रंगवणारे बरेच वाचक याच जागी अडकले आहेत. तुम्ही शेवटचा उडता हात (अगदी हलका, भुरभुरता फवारा) किती अंतरावरून देता, आणि आधीचा हात कितपत सुकू देता? एवढं लिहून कळवलंत तर मी ते मूळ लेखात, तुम्ही सांगाल त्या शब्दांत, घालते.