सगळे जाधव एकाच रक्ताचे? अजिबात नाही

कोल्हापुरातल्या तालमींच्या आणि मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. लखुजी जाधव, सेनापती धनाजी, पैलवान खाशाबा, अर्थतज्ज्ञ नरेंद्र जाधव यांचे फोटो एका ओळीत आणि खाली मजकूर : सगळे सिंदखेडच्या एकाच घराण्यातले, पराक्रम रक्तातच आहे. माझंही आडनाव जाधवच, म्हणून तर हे खोडून काढायला हवं.

धनाजींपुरतं म्हणणं खरं आहे. ते लखुजींचे पुत्र अचलोजी यांच्या वंशातले. 1708 मध्ये ते वारले, त्यांची समाधी आपल्या पेठ वडगावात आहे. पण खरं तेवढंच.

नरेंद्र जाधवांचं घर नाशिकजवळच्या ओझरचं. वडील दामोदर मुंबईत पोर्ट ट्रस्टमध्ये राबले, बाबासाहेबांच्या चळवळीत उभे राहिले आणि मुलं शिकवली. ती कमाई सिंदखेडच्या वाड्याच्या नावावर टाकणं हा त्या बापावर अन्याय आहे. जाधव मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, बंजारा तांड्यांवरही आहेत. आपल्याकडे सोयरीक जमवताना नुसतं ‘जाधव’ ऐकून कोण गप्प बसतं? मूळ गाव कुठलं, देवक काय, कुलदैवत कोणतं, सगळं विचारतात. सगळ्यांचं रक्त एक असतं तर ही चौकशी कशाला लागली असती?

आता खाशाबा. गाव कराडजवळचं गोळेश्वर, वडील दादासाहेब स्वतः पैलवान. म्हणजे कुस्ती घरातून आली, आडनावातून नाही. पुढे शिकायला ते कोल्हापुरात, राजाराम कॉलेजला आले. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लाल मातीत वाढलेला हा गडी तिथे गादीवर लढला आणि फ्लायवेटमध्ये सहावा आला. 1952 ला हेलसिंकीला जायचं तर पैशाची ओढाताण होती. तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या काळातले सात हजार! खाशाबांनी बँटमवेटमध्ये कांस्यपदक आणलं, आणि परत आल्यावर कुस्त्या लढून मिळालेल्या पैशातून सरांचं घर सोडवलं. खर्डेकर काही जाधव नव्हते. रक्ताचं नातं नसताना माणसाने घर पणाला लावलं, आणि मेसेजमध्ये त्यांचं नावसुद्धा नाही.

मेसेजमध्ये खाशाबांच्या पदकाला ‘भारताचं पहिलं ऑलिम्पिक पदक’ म्हटलंय, तेही चूक. हॉकीचं सुवर्ण 1928 पासूनचं. खाशाबांचं पदक स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि तो मान पुरेसा मोठा आहे.

मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर ‘एकच घराणं’ ही ओळ काढा आणि खाशाबांच्या फोटोखाली खर्डेकर सरांचं नाव घाला.