वेगमर्यादेचं कलम ११२ सायकलला लागत नाही, पण…

पाटीवरची वेगमर्यादा ओलांडली तर सायकलवाल्यालाही दंड होतो, असं एका लेखात म्हटलंय. ते चूक आहे भाऊ. मोटार वाहन कायदा, १९८८ चं वेगमर्यादेचं कलम ११२ फक्त मोटार वाहनांसाठी आहे. पायडलची साधी सायकल त्यात बसत नाही.

पण म्हणून रान मोकळं नाही! भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ सायकललाही लागतं. बेदरकार चालवून कुणाचा जीव धोक्यात घातला तर ६ महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आमच्याकडची पोरं सायकलवर कन्नड घाटातून चाळीसगावकडे उतरताना ब्रेकला हात लावत नाहीत. माझा भाचाही त्यांच्यातलाच. तो घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो.