चार ओळी खरडून दे म्हणे

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर एकाचा मेसेज. "आपले सर गेले. तू लिहितोस ना बे, दे की चार ओळी खरडून. पाच मिनिटांचं काम." सर गेल्याचं दुःख राहिलं बाजूला, माझं डोकंच सटकलं.

पाच मिनिटांचं काम! सरांवर खरं लिहायचं तर त्यांच्या छडीवरही लिहावं लागेल. चालेल ग्रुपला?

अम्मावर लिहायला बसलो तेव्हा पहिलं वाक्य पाच मिनिटांत आलं होतं. अम्मानं विड्या वळून घर चालवलं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात निम्म्या घरांना हे वाक्य लागू पडतं. दुसऱ्या वाक्याला गाडी अडली. पान कोण भिजवायचं? पत्रा ठेवून कातरीनं कोण कापायचं? हजार विड्या एकट्या अम्माच्या हातानं व्हायच्या होय? सूप डोळ्यासमोर आलं आणि सुपापलीकडे अक्का बसलेली दिसली. सातवीनंतर तिची शाळा सुटली, मी कॉलेजात गेलो. घरात सगळ्यांना माहीत. अम्माच्या कष्टांची गोष्ट आम्ही पाहुण्यारावळ्यांत अभिमानानं सांगायचो, त्यात अक्का कधीच नसायची.

हे लिहायचं की गिळायचं? खरा घाम इथं फुटतो. भाषा, शैली वगैरे सगळं नंतर.

लिहिलं. दिवाळी अंकात छापून आलं. दाजींचा फोन आला, "आमच्या घरची अब्रू वेशीवर टांगलीस." तेव्हापासून बोलणं बंद. अम्मा म्हणाली, "खरं आहे रे, पण छापायची काय गरज होती?" याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

आपल्याच अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळेंनी १९८४ साली 'अक्करमाशी'त स्वतःच्या जन्माची, स्वतःच्या आईची गोष्ट जगासमोर ठेवली. त्यापुढे माझं लिखाण म्हणजे काहीच नाही. पण त्या पुस्तकाला टाळ्या वाजवणारेच आज मला "चार ओळी खरड" म्हणतात, हे डोक्यात जातं.

हो, लिहून पोट भरत नाही. न लिहिणारी माणसं अडाणी असतात असंही नाही, अक्कानं आयुष्यात एक ओळ लिहिली नाही आणि ती माझ्याहून शहाणी आहे. मान्य. पुढे.

आता माझं असं झालंय की सत्काराच्या भाषणात कुणी "आईनं शिकवलं" म्हणाला की मी खाली उतरल्यावर विचारतो, "बहीण काय करायची?" लोक टाळतात मला. टाळू देत.

आणि अक्काकडे जाणं वाढलं. आधी भाऊबीजेला ओवाळून घ्यायचं, पाकीट द्यायचं, निघायचं. आता कुंभारीला विडी कामगारांच्या घरकुलात तिच्याजवळ दुपारभर बसतो. हात चालू ठेवून ती बोलत राहते. कारखान्यात विड्यांची छाटणी कशी व्हायची, चांगल्या विड्याही कशा बाजूला काढायचे, त्याचे पैसे नाहीत आणि उलट बोलायची सोय नाही. "हे तुझ्या लेखात कुठाय?" म्हणाली. रागानं नाही, हिशेब विचारावा तसं.

तर सध्या छाटणीवर लिहितोय. अम्माचं म्हणणं, छापायच्या आधी दाजींना दाखव, मिटून जाईल. अक्काला वाचून दाखवीन. दाजींना नाही.