सीडर म्हणजे देवदार नव्हे, ते तेल पिऊ नका

खानापूरच्या माझ्या आत्तीनं दोन दिवस उपाशीपोटी कोमट पाण्यातून एका तेलाचे पाच-पाच थेंब घेतले. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "देवदाराचं हाय की रे ते, आपलंच औषध. ग्रुपवर आलंय." तोच मेसेज मला टिळकवाडीतून आणि शहापुरातूनही आला. त्यात लिहिलंय : सीडर म्हणजेच आपला देवदार, त्याच्या पानांचं तेल रोज प्या, साखर उतरते, सांधे मोकळे होतात, नैसर्गिक असल्यानं अपाय नाही.

आत्तीची बाटली हातात घेऊन बघितली. वर ठळक "सीडर लीफ" आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत "थुजा ऑक्सिडेंटॅलिस". बूच काढलं तर कापरासारखा उग्र वास.

देवदार वेगळा. तो सीड्रस देवदारा, पश्चिम हिमालयातला, चीडच्या कुळातला. थुजा उत्तर अमेरिकेतला, सरूच्या कुळातला. इंग्रजीत दोघांनाही सीडर म्हणतात, एवढंच. पेन्सिलीचा लाल सीडर तर ज्युनिपर आहे, जपानी सीडर आणखी निराळा. आपल्याकडेही असं होतंच : बंगालमध्ये देबदारू म्हणतात ते शाळेच्या कंपाउंडला ओळीनं लावतात त्या उंच अशोकाला. त्याला कोणी देवदार समजून उकळलं तर चालेल का?

आता पिण्याचं. थुजाच्या पानांच्या तेलात थुजोन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मेंदूतल्या पेशींना आवर घालणारी जी गाबाची यंत्रणा आहे, तिलाच ते अडवतं. आवर सुटला की झटके येतात, फिट येते. अमेरिकेच्या अन्नविषयक नियमांत या थुजाची, म्हणजे त्यांच्या पांढऱ्या सीडरची, पानं चवीपुरती वापरायला परवानगी आहे, पण तयार पदार्थ थुजोनमुक्तच हवा, ही अट त्याच ओळीत घातलेली आहे. चवीपुरत्या पानांतूनही जे खाण्यात चालत नाही, ते आमची सत्तरीची आत्ती थेंबानं मोजून घेत होती!

देवदार आयुर्वेदात आहे, हे कबूल. बाळंतिणीला देवदार्व्यादी काढा देतात, आमच्या घरातही दिलाय. पण त्यात देवदाराचं लाकूड असतं, दुसऱ्या बऱ्याच औषधींबरोबर उकळलेलं, तेही वैद्यानं सांगितलं तर. त्यावरून अमेरिकेतल्या दुसऱ्याच झाडाच्या पानांचं तेल पिण्याजोगं ठरत नाही.

"नैसर्गिक" म्हणाल तर कण्हेरही नैसर्गिकच आहे. आणि साखर उतरते याला मेसेजमध्ये एका ओळीचाही आधार नाही. त्या भरवशावर गोळ्या सोडू नका.

घरात कुणी हे घेत असेल तर आजच थांबवा. घेतल्यावर गरगरलं, उलट्या झाल्या, हातपाय झटकायला लागले तर थेट दवाखान्यात न्या आणि बाटली बरोबर घ्या. लेबलवरचं ते बारीक नाव डॉक्टरांना दिसलं पाहिजे.